ग्रीक महाकाव्यातील दैवी मार्गदर्शन आणि मानवी कर्तृत्व : अथेना देवतेच्या संदर्भात एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

प्राचीन ग्रीक संस्कृतीचे स्वरूप समजून घेण्यासाठी 'इलियड' आणि 'ओडिसी' या दोन महाकाव्यांना पर्याय नाही. परंपरेने होमरच्या नावावर असलेली ही काव्ये साधारणतः इ. स. पूर्व 8 व्या ते 7 व्या शतकात आजच्या रूपाच्या जवळपास आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. 'इलियड'मध्ये सुमारे 15,700 आणि 'ओडिसी'मध्ये सुमारे 12,100 ओळी असून दोन्ही काव्यांची विभागणी प्रत्येकी 24 सर्गांत केलेली आहे. या काव्यांतील एकही महत्त्वाचा प्रसंग देवांच्या उपस्थितीवाचून घडत नाही. देव वीरांना सल्ला देतात, धीर देतात, रणांगणावर त्यांचा भाला नेमका लक्ष्यावर वळवतात, आणि प्रसंगी त्यांना फसवतातही.

यातून एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. वीराच्या प्रत्येक कृतीमागे जर देव उभा असेल, तर ती कृती कोणाची? पराक्रमाचे श्रेय कोणाचे आणि अपराधाची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न केवळ काव्यापुरता मर्यादित राहिला नाही. ग्रीक नगरराज्यांचे राजकारण, युद्ध, शिल्पकला, नाटक आणि तत्त्वज्ञान या सर्व क्षेत्रांत तो पुन्हा पुन्हा उपस्थित झाला. प्रस्तुत निबंधात वीरांची मार्गदर्शक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अथेना या देवतेच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

1. होमरच्या महाकाव्यांतील दैवी मार्गदर्शनाचे स्वरूप स्पष्ट करणे.
2. दैवी प्रेरणा आणि मानवी निर्णय यांतील संबंध तपासणे.
3. या संकल्पनेचा ग्रीक राजकारण, कला व विचार यांवर झालेला परिणाम पाहणे.

अभ्यासपद्धती :

हा अभ्यास वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा आहे. होमरची दोन्ही महाकाव्ये, हेरॉडोटसचा इतिहासग्रंथ, सोफोक्लीस व युरिपिडीस यांची नाटके आणि प्लेटोचे संवाद यांतील निवडक प्रसंग येथे आधारभूत मानले असून विसाव्या शतकातील काही प्रमुख अभ्यासकांच्या मतांचाही विचार केला आहे.

1. अकिलीस आणि अथेना : आज्ञा की सल्ला?

'इलियड'च्या पहिल्याच सर्गात दैवी हस्तक्षेपाचा एक अत्यंत महत्त्वाचा प्रसंग येतो. सेनाप्रमुख ॲगमेम्नॉन भर सभेत अकिलीसचा अपमान करतो आणि त्याला मानाची भेट म्हणून मिळालेली ब्रायसीस ही स्त्री हिरावून घेण्याची धमकी देतो. संतप्त अकिलीस म्यानातून तलवार उपसू लागतो. ॲगमेम्नॉनला ठार करावे की राग आवरावा, अशा द्विधा मनःस्थितीत तो असतानाच अथेना मागून येऊन त्याचे केस धरते. ती फक्त त्यालाच दिसते. सभेतील इतर कोणालाही तिची चाहूल लागत नाही. आज संयम राखल्यास पुढे तिप्पट मोलाच्या भेटी मिळतील, असे आश्वासन ती देते. अकिलीस तलवार म्यान करतो.

या प्रसंगात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे, अथेना येण्यापूर्वीच अकिलीसच्या मनात दोन्ही पर्यायांचा विचार सुरू झालेला आहे. देवतेने त्याच्या मनात परका विचार आणून घातलेला नाही. मनात असलेल्या दोन विचारांपैकी एकाला तिने बळ दिले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, तिने आज्ञा केलेली नाही. तू ऐकशील तर, अशा अटीच्या भाषेत ती बोलते. अकिलीस ऐकतो, कारण देवांचे ऐकणाऱ्याचे देवही ऐकतात अशी त्याची धारणा आहे. म्हणजेच नकार देण्याची मुभा त्याला होती. सल्ला देवतेचा असला तरी निर्णय अकिलीसचाच आहे.

2. डायोमिडीज : मर्यादेचे भान

'इलियड'चा पाचवा सर्ग डायोमिडीजच्या पराक्रमाने व्यापलेला आहे. अथेना त्याच्या अंगी असामान्य बळ संचारते आणि त्याच्या डोळ्यांवरील धुके दूर करते. त्यामुळे रणांगणावर देव कोण आणि मानव कोण हे त्याला ओळखता येते. मात्र या दृष्टीबरोबर एक बंधनही येते. ॲफ्रोडायटी वगळता अन्य कोणत्याही देवाशी लढू नकोस, असे ती बजावते. डायोमिडीज ॲफ्रोडायटीच्या हाताला जखम करतो. परंतु त्यानंतर अपोलोच्या संरक्षणाखाली असलेल्या एनिअसवर तो तीनदा चालून जातो. चौथ्या वेळी अपोलो त्याला देव आणि मानव यांची जात एक नव्हे याची कठोर जाणीव करून देतो. डायोमिडीज मागे सरतो.

याच सर्गाच्या अखेरीस अथेना स्वतः त्याच्या रथावर चढून लगाम हाती घेते आणि तिच्या भाराने रथाचा आस करकरतो, असे वर्णन आहे. भारतीय वाचकाला येथे अर्जुनाच्या सारथ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु साम्याइतकाच भेदही महत्त्वाचा आहे. कृष्ण शस्त्र न धरण्याचे वचन देऊन सारथ्य स्वीकारतो. अथेना मात्र युद्धदेव एरीझच्या विरोधात डायोमिडीजचा भाला आपल्या बळाने पुढे रेटते. ग्रीक वीराला देवतेकडून मिळते ती जीवनविषयक शिकवण नव्हे, तर त्या क्षणापुरते सामर्थ्य आणि त्या सामर्थ्याच्या मर्यादेची सूचना.

3. मार्गदर्शनाची काळी बाजू : पँडरस आणि हेक्टर

देवतेचा सल्ला नेहमी हितकारकच असतो, असे होमर मानत नाही. चौथ्या सर्गात दोन्ही सैन्यांमध्ये शपथपूर्वक तह झालेला असताना अथेना एका ट्रोजन योद्ध्याचे रूप घेऊन पँडरसकडे जाते आणि त्याला मेनेलाउसवर बाण सोडण्यास प्रवृत्त करते. पँडरस बाण सोडतो व तह मोडतो. पुढच्याच सर्गात तो डायोमिडीजच्या भाल्याने मरतो, आणि तो भाला त्याच्यावर वळवणारीही अथेनाच असते. विशेष म्हणजे कवी पँडरसला निर्दोष ठरवत नाही. देवतेने भुलवले हे खरे; पण भुलला तो मूर्खपणामुळे, असे कवीचे स्पष्ट मत आहे.

याहून हृदयद्रावक प्रसंग बाविसाव्या सर्गातील आहे. अकिलीसपासून पळणाऱ्या हेक्टरजवळ अथेना त्याचा भाऊ डायफोबस याच्या रूपात येते. भाऊ सोबतीला आहे या विश्वासाने हेक्टर थांबतो व लढायला उभा राहतो. पहिला भाला वाया गेल्यावर तो भावाकडे दुसरा भाला मागतो, तेव्हा तेथे कोणीही नसते. आपल्याला देवांनीच मृत्यूकडे बोलावले आहे हे त्या क्षणी त्याला कळते. तरीही धडपड न करता, कीर्तीवाचून मरायचे नाही, असा निश्चय करून तो तलवार उपसतो. देवांनी साथ सोडल्यानंतरचा हा निर्णय पूर्णतः हेक्टरचा आहे. मानवी प्रतिष्ठेचे इतके स्पष्ट चित्र 'इलियड'मध्ये अन्यत्र क्वचितच आढळते.

4. 'ओडिसी' : मार्गदर्शनातून जबाबदारीकडे

'ओडिसी'च्या आरंभीच झ्यूस देवसभेत एक तक्रार मांडतो. मानव आपल्या दुःखांचा दोष देवांना देतात. परंतु स्वतःच्या अविचाराने ते वाट्यापेक्षा अधिक दुःख ओढवून घेतात, असे तो म्हणतो. उदाहरण म्हणून तो एजिस्थसचे नाव घेतो. ॲगमेम्नॉनची हत्या करू नकोस आणि त्याच्या पत्नीची अभिलाषा धरू नकोस, असे देवांनी हर्मीसला पाठवून एजिस्थसला आधीच बजावले होते. त्याने ते ऐकले नाही आणि ओरेस्टीझच्या हातून तो मारला गेला. येथे दैवी मार्गदर्शन उपलब्ध असूनही ते नाकारणाऱ्या माणसावर जबाबदारी टाकलेली आहे.

याच काव्यात अथेना ओडिसियसचा तरुण पुत्र टेलेमॅकस याला मार्गावर आणते. प्रथम मेंटीझ नावाच्या पाहुण्याच्या आणि नंतर मेंटॉर या कौटुंबिक स्नेह्याच्या रूपात ती त्याच्यासोबत राहते. पायलॉस येथे पोहोचल्यावर वृद्ध राजा नेस्टरशी बोलण्यास टेलेमॅकस संकोचतो. तेव्हा ती सांगते की काही गोष्टी तुला स्वतःच सुचतील आणि काही एखादी दैवी शक्ती सुचवील. दैवी प्रेरणा आणि स्वतःची बुद्धी या परस्परविरोधी गोष्टी नसून एकाच कृतीचे दोन स्रोत आहेत, ही होमरची भूमिका येथे थोडक्यात व्यक्त झाली आहे.

अखेरच्या संघर्षातही हेच दिसते. बाविसाव्या सर्गात ओडिसियस, टेलेमॅकस आणि त्यांचे दोन विश्वासू सेवक शंभराहून अधिक प्रणयार्थींशी लढत असताना अथेना लगेच विजय मिळवून देत नाही. पिता-पुत्रांच्या बळाची आणि धैर्याची ती आधी परीक्षा घेते. मार्गदर्शक देवतेचे कार्य माणसाच्या जागी लढणे हे नव्हे, तर त्याच्या अंगी असलेले गुण प्रकट होऊ देणे हे आहे. शिवाय तिची शक्तीही अमर्याद नाही. ट्रॉय सोडल्यापासून तू कुठे होतीस, या ओडिसियसच्या सुरात उपालंभ आहे. आपल्या पित्याचा भाऊ पोसायडन याच्याशी झगडण्याची आपली इच्छा नव्हती, असे ती सांगते. देवांनाही नात्यागोत्याच्या मर्यादा आहेत.

5. दुहेरी प्रेरणेचा सिद्धांत

या प्रसंगांचा अर्थ लावताना अभ्यासकांमध्ये बरेच मतभेद झाले. जर्मन अभ्यासक ब्रुनो स्नेल यांनी 1946 मध्ये असे मत मांडले की, होमरच्या माणसाला स्वतःच्या एकसंध मनाची जाणीवच नव्हती. म्हणून निर्णयाचा क्षण तो देवांवर सोपवतो. ई. आर. डॉड्स यांनी 1951 मध्ये दाखवले की, होमरच्या जगात एकाच घटनेला मानवी व दैवी अशी दोन कारणे एकाच वेळी असू शकतात. ऑस्ट्रियन अभ्यासक आल्बिन लेस्की यांनी 1961 मध्ये या दुहेरी प्रेरणेचे सविस्तर विवेचन केले. पुढे 1993 मध्ये तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी स्नेल यांच्या मताचा प्रतिवाद केला. होमरचे वीर विचार करतात, पर्याय तोलतात आणि कृतीची जबाबदारी स्वीकारतात. त्यामुळे ते निर्णयक्षम आहेत, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

या वादाच्या संदर्भात 'इलियड'च्या एकोणिसाव्या सर्गातील ॲगमेम्नॉनचे भाषण निर्णायक ठरते. अकिलीसचा अपमान आपण केला नाही, तर झ्यूस, नियती आणि एरिनिस यांनी आपली बुद्धी भ्रष्ट केली, असे तो म्हणतो. वरवर पाहता ही जबाबदारी झटकणारी पळवाट वाटते. परंतु त्याच भाषणात तो विपुल भरपाई देण्याची तयारी दाखवतो. देवांनी बुद्धी हिरावली हे स्पष्टीकरण आहे, सुटका नव्हे. कृती ज्याच्या हातून घडली त्यानेच तिची किंमत मोजायची, हा ग्रीक समाजाचा व्यवहार दैवी कारणाने रद्द होत नाही.

6. इतिहासातील दैवी मार्गदर्शन : राजकारण आणि युद्ध

महाकाव्यातील कल्पना प्रत्यक्ष राजकारणात कशी वापरली गेली याचे उत्तम उदाहरण अथेन्सचा सत्ताधीश पिसिस्ट्रेटस याच्या पुनरागमनात सापडते. इ. स. पूर्व 6 व्या शतकाच्या मध्यास सत्तेवरून हटवला गेल्यानंतर त्याने मेगाक्लीस या प्रतिस्पर्ध्याशी संधान बांधले. हेरॉडोटसच्या वृत्तांतानुसार, पेआनिया गावातील फाई नावाच्या उंच व देखण्या स्त्रीला चिलखत घालून रथात उभे करण्यात आले. अथेना स्वतः पिसिस्ट्रेटसला आपल्या गडावर परत आणत आहे, अशी दवंडी पिटणारे दूत पुढे पाठवण्यात आले. लोकांनी त्या स्त्रीला देवी समजून प्रार्थना केली आणि पिसिस्ट्रेटसचे स्वागत केले. चतुर समजल्या जाणाऱ्या अथेन्सवासीयांच्या बाबतीत हा अत्यंत भोळसट डाव यशस्वी व्हावा, याचे हेरॉडोटसला आश्चर्य वाटते. मात्र डायोमिडीजच्या रथावर चढणारी अथेना ज्या समाजाच्या काव्यपरंपरेतच होती, त्या समाजाला रथातील देवीचे दृश्य अपरिचित नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. दैवी मार्गदर्शनाची श्रद्धा सत्ता मिळवण्याचे साधन कशी बनू शकते, याचा हा एक प्राचीन दाखला आहे.

पर्शियन आक्रमणाच्या काळात या श्रद्धेचे वेगळे रूप दिसते. इ. स. पूर्व 490 मध्ये मॅरॅथॉनच्या लढाईपूर्वी स्पार्टाकडे मदतीसाठी धावत गेलेल्या दूताला टेगिआ नगराच्या वरच्या बाजूस पार्थेनियन पर्वतावर पॅन हा देव भेटला, अशी कथा हेरॉडोटस देतो. युद्धानंतर अथेन्सवासीयांनी ॲक्रोपोलिसच्या पायथ्याशी पॅनचे पूजास्थान स्थापन केले. मॅरॅथॉनच्या रणांगणावर थिसियस या प्राचीन वीराची आकृती शत्रूवर चालून जाताना अनेकांनी पाहिली, अशी समजूत प्लूटार्कने नोंदवली आहे.

यापेक्षाही बोलका प्रसंग इ. स. पूर्व 480 चा आहे. झर्क्सीसच्या स्वारीच्या वेळी डेल्फीच्या देववाणीने अथेन्सच्या दूतांना आधी विनाशाचे भाकीत सांगितले. त्यांनी पुन्हा विनवणी केल्यावर दुसरी देववाणी मिळाली. अथेना झ्यूसचे मन वळवू शकत नाही. परंतु लाकडी भिंत अभेद्य राहील, असा तिचा आशय होता. लाकडी भिंत म्हणजे काय, यावर सभेत वाद झाला. काहींना ती ॲक्रोपोलिसभोवतीचे जुने कुंपण वाटली. थेमिस्टोक्लीसने ती जहाजे असल्याचे सांगितले. देववाणीत सॅलमिसला दिलेले 'दिव्य' हे विशेषण ग्रीकांच्या नव्हे, तर शत्रूच्या नाशाचे सूचक आहे, असा युक्तिवाद त्याने केला. लॉरिअनच्या खाणीतील चांदीतून त्याने आधीच आरमार उभारून घेतले होते. सभेने त्याचे म्हणणे मान्य केले आणि सॅलमिसच्या सामुद्रधुनीत ग्रीक विजयी झाले. येथेही अकिलीसच्या प्रसंगाचीच रचना दिसते : देवाकडून संकेत, माणसाकडून अर्थनिर्णय. फरक इतकाच की, एका वीराच्या जागी आता नागरिकांची सभा आहे.

7. शिल्प आणि नाटक

ऑलिम्पिया येथील झ्यूसचे मंदिर इ. स. पूर्व सुमारे 470 ते 457 या काळात बांधले गेले. त्यावरील 12 शिल्पपट्टांत हेराक्लीसची बारा कार्ये कोरलेली असून त्यांपैकी चार पट्टांत अथेना त्याच्यासमवेत आहे. पहिल्या पट्टात सिंहाला मारून थकलेला, अद्याप दाढी न फुटलेला हेराक्लीस आहे आणि त्याच्याजवळ ती उभी आहे. आणखी एका पट्टात हेराक्लीस ॲटलसऐवजी आकाशाचा भार पेलत आहे. त्याच्या मागे उभी असलेली अथेना सहजपणे एक हात उंचावून त्या भाराला आधार देते. भार मात्र हेराक्लीसच्याच खांद्यावर आहे. दैवी साहाय्य आणि मानवी श्रम यांचे नाते शिल्पकाराने येथे शब्दांविना स्पष्ट केले आहे.

सोफोक्लीसच्या 'एजॅक्स' नाटकात हे साहाय्य नाकारणारा वीर दिसतो. देवांच्या मदतीने तर क्षुद्र माणूसही विजय मिळवील, असे एजॅक्स मानतो आणि रणांगणावर पाठीशी आलेल्या अथेनेला इतरांकडे जाण्यास सांगतो. परिणामी ती त्याला भ्रमिष्ट करते. तथापि नाटककार देवतेची बाजू निमूटपणे घेत नाही. शत्रूच्या दुर्दशेवर हसण्याचे अथेनेचे आमंत्रण ओडिसियस नाकारतो. एजॅक्सच्या दैवात त्याला स्वतःचे दैव दिसते. मार्गदर्शक देवतेपेक्षा तिचा लाडका मानव येथे अधिक दयाळू ठरतो. युरिपिडीसच्या 'हेराक्लीस' नाटकात तर हेराने पाठवलेल्या उन्मादात वीर स्वतःच्या मुलांचा वध करतो, आणि अथेना येते ती त्यानंतर. हे साहाय्य उशिरा आलेले आहे, ही जाणीव प्रेक्षकाला अस्वस्थ करते.

8. तत्त्वचिंतकांची टीका आणि सॉक्रेटिसचा अंतःस्वर

इ. स. पूर्व 6 व्या शतकातच झेनोफेनिस या विचारवंताने होमर व हेसिअड यांच्यावर टीका केली होती. चोरी, व्यभिचार आणि फसवणूक ही मानवी पापे या कवींनी देवांच्या माथी मारली, असा त्याचा आक्षेप होता. प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये हा आक्षेप पुढे नेला. देव रूपे बदलत नाहीत व कोणाला फसवत नाहीत, असे प्रतिपादन करून त्याने ॲगमेम्नॉनला पडलेले फसवे स्वप्न आणि पँडरसकरवी झालेला तहभंग हे प्रसंग अमान्य ठरवले.

मात्र याच प्लेटोने सॉक्रेटिसच्या मुखातून एका दैवी अंतःस्वराचे वर्णन केले आहे. बालपणापासून ऐकू येणारा हा स्वर त्याला काही करण्यास कधीच प्रवृत्त करत नसे. अयोग्य कृतीपासून केवळ परावृत्त करत असे. अकिलीसचे केस धरून त्याला थांबवणाऱ्या अथेनेचे हे जणू अंतर्मुख झालेले रूप होय. बाहेरून येणारी देवता आता आत आली. परंतु नव्या दैवी शक्तींचा पुरस्कार हा इ. स. पूर्व 399 च्या खटल्यातील आरोपांपैकी एक होता. ज्या नगराने आपल्या वीरांच्या पाठीशी उभी असलेली देवता मान्य केली, त्याच नगराला एका नागरिकाचा खाजगी दैवी स्वर मानवला नाही.

निष्कर्ष :

1. होमरच्या महाकाव्यांत दैवी मार्गदर्शन मानवी निर्णयाची जागा घेत नाही. ते त्याला सोबत करते. अकिलीस, टेलेमॅकस व ओडिसियस यांच्या प्रसंगांतून हे स्पष्ट होते.
2. दैवी प्रेरणा ही कृतीचे स्पष्टीकरण ठरते. परंतु कर्त्याची जबाबदारी तिने संपत नाही. ॲगमेम्नॉन, पँडरस व एजिस्थस ही याची उदाहरणे आहेत.
3. मार्गदर्शन करणारी देवता मर्यादित, पक्षपाती आणि प्रसंगी कपटी असू शकते. म्हणून संकेताचा अर्थ लावण्याची विवेकबुद्धी माणसाजवळ असणे आवश्यक ठरते.
4. हीच संकल्पना पिसिस्ट्रेटसच्या हाती सत्तेचे साधन बनली, तर थेमिस्टोक्लीसच्या काळी सामूहिक विचारविनिमयाचा आरंभबिंदू ठरली. श्रद्धा तीच असली तरी तिची तपासणी होते की नाही यावर परिणाम अवलंबून राहिला.

फ्रेंच लेखक फेनेलाँ याने 1699 मध्ये टेलेमॅकसच्या प्रवासावर कादंबरी लिहिली आणि मेंटॉर हे पात्र युरोपभर परिचित झाले. पुढे ते विशेषनाम सामान्यनाम बनले. आज आपल्या महाविद्यालयांतही विद्यार्थ्याच्या मार्गदर्शक प्राध्यापकाला 'मेंटॉर' म्हटले जाते. या शब्दामागे मूळ काव्यातील विवेक मात्र अनेकदा विसरला जातो. मेंटॉरच्या रूपातील अथेना टेलेमॅकसला नेस्टरच्या दारापर्यंत नेते. नेस्टरशी बोलतो तो टेलेमॅकस. मार्गदर्शकाचे काम कुठे संपते आणि शिष्याचे कुठे सुरू होते, याचे उत्तर सुमारे अडीच हजार वर्षांहून अधिक काळापूर्वीच्या या प्रसंगात आजही सापडते.